शेळ्या-बोकडांचे प्रदर्शन आणि परीक्षण (मराठवाडा)

जात, वय आणि लिंग यांप्रमाणे गट पाडून, ठरलेल्या कसोट्यांवर शेळ्या-बोकडांचा क्रम लावण्याची पद्धत. मराठवाड्यात ही पद्धत जत्रांमधल्या पशुप्रदर्शनांच्या आधाराने वाढली. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावला मार्गशीर्ष वद्य पक्षात खंडोबाची यात्रा भरते, लातूरला महाशिवरात्रीच्या सुमारास सिद्धेश्वराची. अशा ठिकाणी घोडा आणि लाल कंधारी, देवणी या जातींची गाय-बैल यांचा मान पहिला. शेळी मागून आली, तरी या भागातल्या भूमिहीन आणि कोरडवाहू घरांचा खरा आधार तीच आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये जालन्याला भरलेल्या महा पशुधन प्रदर्शनासारखे मोठे सोहळे अधूनमधून होतात. मात्र परीक्षणाची रीत मुरली ती तालुक्याच्या आणि यात्रेच्या मैदानावर.

परीक्षक बहुधा पशुवैद्यकीय अधिकारी किंवा पशुवैद्यक महाविद्यालयातले प्राध्यापक असतात. परभणी आणि उदगीर येथे अशी महाविद्यालये असून ती नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. गुणपत्रक आयोजकागणिक बदलते. पाहण्याच्या गोष्टी मात्र सगळीकडे जवळजवळ त्याच राहतात.

जातीची ओळख

मराठवाड्यातले परीक्षण म्हणजे मुख्यतः उस्मानाबादी शेळीचे परीक्षण. जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, तरी जातीचे नाव नोंदीत आणि बोलण्यात उस्मानाबादीच राहिले. धाराशिव, लातूर, बीड, परभणी हा तिचा मूळ टापू असून लगतच्या सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतही ती पसरली आहे. संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ या राज्यातल्या इतर नोंदणीकृत जाती.

उस्मानाबादी शेळी उंच, लांब पायांची आणि बहुधा काळीभोर. सुमारे तीन चतुर्थांश जनावरे काळी असतात. उरलेली पांढरी, तांबूस किंवा ठिपक्यांची. त्यामुळे काळा रंग ही पसंती आहे, अट नव्हे. कानावर किंवा अंगावर पांढरे ठिपके दिसले म्हणून शेळीला गटाबाहेर काढणारा परीक्षक जातीला न्याय देत नाही. कान मध्यम लांबीचे आणि लोंबते असावेत. कान हनुवटीच्या खूप खाली जात असतील, नाकाडावर ठळक बाक असेल, तर सिरोही, बीटल किंवा जमनापारीच्या संकराची शंका घेतात आणि मालकाला पैदाशीच्या बोकडाविषयी विचारतात.

शिंगांचा मुद्दा जास्त खोल आहे. उस्मानाबादी बोकडांना सहसा शिंगे असतात, शेळ्यांत मात्र भुंड्याही पुष्कळ. भुंडी शेळी गुणाने कमी नसते. बोकड भुंडा असला की गोष्ट बदलते. युरोपातल्या दुधाळ जातींत सिद्ध झाले आहे की बिनशिंगीपणाचा जनुकीय दोष आई आणि बाप दोघांकडून आला, तर मादी करडू नर-मादीच्या मधले, वांझ निपजते. भुंडीवर भुंडा सोडू नये हा नियम तिथून आला. पैदाशीच्या गटात शिंगे असलेल्या बोकडाला झुकते माप देणे म्हणूनच योग्य. शिंगे डौलदार दिसतात हे त्याचे कारण नव्हे.

गट आणि दात

जन्मनोंद क्वचितच असते, त्यामुळे वय दातांवरून ठरते. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कडक गादी असते; खालच्या जबड्यात आठ दात. सगळे दुधाचे असले तर जनावर वर्षाच्या आतबाहेरचे. मधली जोडी बदलली की दोन दाती, म्हणजे साधारण सव्वा वर्षाचे. चार दाती दोन वर्षांच्या आसपास, सहा दाती अडीचच्या आणि सगळे दात जुळले की तीन वर्षांच्या पुढे. चाऱ्याप्रमाणे यात दोन-चार महिन्यांचा फरक पडतो. कडब्याच्या बुडख्यांवर आणि बाभळीच्या शेंगांवर वाढलेले जनावर गोठ्यात खुराक खाणाऱ्याच्या मागे राहते. त्यामुळे जाणता परीक्षक दात पाहिल्यावर अंगाची वाढही पाहतो.

साधारण गट असे: करडे, पाटी (अजून न व्यालेल्या तरुण माद्या), व्यालेल्या शेळ्या, पैदाशीचे बोकड. बकरी ईदसाठी पोसलेल्या खच्ची, म्हणजे खच्चीकरण करून पैदाशीला निकामी केलेल्या बोकडांचा गट वेगळाच हवा, कारण त्यांचे मोजमाप मांसाचे असते. खच्ची बोकड पैदाशीच्या रांगेत उभा करणे ही चूक लहान मैदानांवर सर्रास घडते. वजनात तो साहजिकच भारी पडतो आणि ज्याच्यापासून वंश पुढे चालणार आहे तो बोकड मागे राहतो.

प्रवेशाला कानातला बारा आकडी बिल्ला आणि लसीकरणाचा दाखला मागतात. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग), आंत्रविषार आणि लाळखुरकूत या रोगांबाबत दक्षता लागते, कारण दहा गावांची जनावरे एका मांडवाखाली येतात आणि पीपीआर एका नाकातून दुसऱ्या नाकात जायला एक दिवस पुरतो. नाक वाहणारे, हगवण लागलेले किंवा तोंडात फोड असलेले जनावर दारातूनच परत पाठवावे. दूरवरून टेम्पोत उभे राहून आले असले तरी सूट नाही.

रिंगणात

मालक जनावर दोरीने किंवा गळपट्ट्याने धरून गोल फिरवतो. परीक्षक आधी लांबून पाहतो, कारण ठेवण लांबूनच कळते. चालताना मागचे गुडघे एकमेकांना घासतात का, खूर सरळ पडतात का, पाठ मान ते शेपूट एका रेषेत राहते की मध्ये खचते, हे चालतानाच उघडे पडते. उस्मानाबादी शेळीला हे विशेष लागू आहे. ती माळावर मैलोन्‌मैल चरून पोट भरते. पाय अधू, तर उन्हाळ्यात ती उपाशी राहिली म्हणून समजावे. पायांच्या आणि खुरांच्या गुणांवर काटकसर करू नये.

नंतर जनावर चौकटीत उभे करतात: चारही पाय चार कोपऱ्यांवर, मान वर. आता हात फिरतो. छातीचा विस्तार, बरगड्यांतले अंतर, कमरेची रुंदी, पुठ्ठ्याचा उतार. मैदानावरची बोली इथे नेमकी आहे. ‘हाडापेराने मोठी’ म्हणजे सांगाडा दमदार, मग अंगावर मांस आज कमी का असेना. ‘नुसती ढेरी’ म्हणजे पोट सुटलेले आणि पुठ्ठे रिकामे. दुष्काळातून निघालेल्या शेळीच्या बाबतीत हा फरक ओळखता येणे, हेच परीक्षकाचे कसब.

काटा नसला तर वजन टेपने काढतात. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत घ्यायची. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660, उत्तर किलोत. घेर 28 आणि लांबी 26 इंच असेल तर वजन 31 किलोच्या जवळ येते. उस्मानाबादीच्या प्रौढ बोकडाचे सरासरी वजन 34, शेळीचे 32 किलोच्या आसपास सांगितले जाते. गाभण शेळीला आणि पाणी पाजून आणलेल्या जनावराला हे सूत्र फसते.

कास आणि अंड

व्यालेल्या शेळीत कास हा परीक्षणाचा गाभा. ती पोटाला घट्ट चिकटलेली, दोन्ही बाजूंनी सारखी आणि दूध काढल्यावर मऊ पडणारी असावी. दूध काढूनही कडक राहणाऱ्या कासेत गाठी किंवा जुनी कासदाह असते. सड दोनच, प्रत्येकाला एकच छिद्र आणि करडाच्या तोंडात सहज मावेल इतकी जाडी. पिशवीसारखी लोंबणारी कास काटेरी झुडपांत ओरबाडते. गावातल्या शेळीपालक बायका हे न सांगता ओळखतात. ‘हिच्या सडाला पिल्लू लागंना’ ही त्यांची तक्रार परीक्षणातल्या मोठ्या दोषाचेच दुसरे नाव आहे. सकाळपासून दूध न काढता कास तुंबवून आणणे ही जुनी खोड. तिच्यावर उपाय एकच, परीक्षणाच्या वेळी दूध काढायला लावणे.

बोकडाची दोन्ही अंडे उतरलेली, सारख्या आकाराची आणि टणक-लवचिक हवीत. एकच अंड उतरलेला बोकड कितीही देखणा असला तरी बाद. वाकडा जबडा, बेंबीचा हर्निया, कायमचा लंगडेपणा, दोन्ही डोळ्यांनी आंधळेपणा आणि एकमेकांना चिकटलेले जोडसड हे दोषही बाद ठरवणारे धरले जातात. केस काळे रंगवणे, जादा सड कापून टाकणे, मीठ चारून पोटभर पाणी पाजणे ही लबाडी मानली जाते. रंग ओल्या फडक्याला लागतो, कापलेल्या सडाचा वण बोटाला लागतो. हार, घुंगरू आणि गुलाल ही हौस आहे, तिला मज्जाव नसावा. तेवढे परीक्षणाआधी अंग पुसून घ्यावे.

बाहेरची मापे

लिखित गुणपत्रकाचा सर्वांत घडीव नमुना अमेरिकेतल्या दुधाळ शेळी संघटनेचा. ती 1904 पासून चालू आहे. व्यालेल्या शेळीसाठी तिच्या पत्रकात 100 पैकी 35 गुण एकूण ठेवणीला, 35 कासेला, 20 दुधाळ बांध्याला आणि 10 शरीराच्या आवाक्याला असतात. पाटीला कास नसते, म्हणून तिथे ठेवणीचे गुण 55 होतात. क्रम लावल्यावर पहिली दुसरीपेक्षा सरस का, हे परीक्षकाने सगळ्यांसमोर बोलून सांगायचे असते. हा भाग मराठवाड्यात जसाच्या तसा घेण्याजोगा आहे. इथे निकाल ध्वनिक्षेपकावरून नावांसह जाहीर होतो आणि हरलेला मालक कारण न कळताच घरी जातो. पुढच्या वर्षी काय सुधारायचे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

सगळेच उचलता येणार नाही. त्या संघटनेच्या प्रदर्शनात शिंगे असलेली शेळी चालतच नाही, ती करडेपणीच डागून काढलेली लागतात. आपल्याकडे लांडग्या-कुत्र्यांच्या माळावर फिरणाऱ्या जनावराची शिंगे काढायला लावणे अनाठायी ठरेल. शिवाय ते पत्रक दुधासाठी बेतलेले आहे. उस्मानाबादी दिवसाला अर्धा ते दीड लिटर दूध देते, तिची खरी कमाई करडांतून येते.

वजनाचा मोह

इथेच मराठवाड्यातल्या परीक्षणाचा मोठा पेच आहे. उस्मानाबादीची कीर्ती जुळ्यांसाठी आहे; नीट सांभाळली तर दोन वर्षांत ती तीनदा विते. रिंगणात मात्र दिसतो तो एकट्या जनावराचा आकार. एकुलते जन्मलेले, आईचे सगळे दूध प्यालेले करडू जुळ्यातल्या भावंडापेक्षा भारी भरणारच. वजनाला बक्षीस द्यायचे म्हणजे नकळत एकट्या पिल्लाला बक्षीस द्यायचे. पैदास त्याच्याकडे वळली की जुळी हळूहळू कमी होतात. बोअर या दक्षिण आफ्रिकेतल्या मांसल जातीच्या संकरित बोकडाने चषक नेला की गावोगाव तोच हवा होतो, हेही याच मोहातले.

दुसरा पेच मोसमाचा. आषाढ-श्रावणात भरलेली शेळी पाच महिन्यांनी, मार्गशीर्ष-पौषात विते. म्हणजे यात्रेच्या दिवसांत चांगल्या शेळ्या एकतर दिवस भरत आलेल्या नाहीतर ओल्या बाळंतीण असतात. त्यांना प्रवासाला काढू नये हा नियम रास्त आहे, पण त्यामुळे त्या रिंगणात येतच नाहीत. बीड, धाराशिवची हजारो माणसे तेव्हा ऊसतोडीला पश्चिमेकडे गेलेली असतात. कोयता हाती घेतलेल्या घरची शेळी कितीही गुणी असो, ती उसाच्या फडाशेजारच्या कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी बांधलेली असते, प्रदर्शनात नाही. नोंदही पुरुषाच्या नावावर होते, जरी शेळीला चारा-पाणी आणि बाळंतपण करणारी बहुधा घरातली बाई असते. अर्धलीने, म्हणजे उत्पन्न निम्मे वाटून घेण्याच्या बोलीवर, सांभाळलेल्या शेळीचे बक्षीस मालकाचे की राखणाऱ्याचे, हा वाद तर अर्जात दोघांची नावे लिहून घेतली तर मिटेल.

अमेरिकेतल्या प्रदर्शनांत एका आईच्या दोन लेकी, किंवा एकाच बोकडाच्या तीन लेकी एकत्र उभ्या करण्याचे गट असतात. तिथे निकाल एका जनावराचा लागत नाही, वंशाचा लागतो. मराठवाड्यात त्याच धर्तीवर लेकुरवाळ्या शेळीचा गट सहज उभा राहू शकतो: आई, तिच्या चालू वेताची सगळी करडे आणि शक्य तर मागच्या वेताची पाट. करडांची संख्या, त्यांचे एकूण वजन आणि आईच्या अंगाची अवस्था एकत्र तोलायची. गावातल्या पशुसखीने (जनावरांची प्राथमिक देखभाल शिकलेल्या बाईने) विण्याच्या दिवशी केलेली नोंद आणि सगळ्यांच्या कानातले बिल्ल्यांचे क्रमांक जुळले की पुराव्याला तेवढे पुरते. हा गट मात्र यात्रेत घेता येणार नाही. करडे दोन-अडीच महिन्यांची होतात ती फाल्गुनात, आणि परीक्षकाला तेव्हा गावात, शेळीच्या दावणीशी जावे लागेल.