हेडर वेगळा, फ्री-फ्लो वेगळा

मिरगाच्या आधी खानापूरचा माझा भाचा गाडी घेऊन दारात आला. २००१ सालची होंडा सिटी, १.५ व्हीटेक. ६८०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला इतके फेरे घेत असताना, १०६ अश्वशक्ती देणारी, आजही तिचं नाव काढलं की माझ्या पिढीतल्या माणसांचा चेहरा उजळतो. "मामा, हेडर बसवून घेतलोय. ऐका की," म्हणाला आणि त्यानं रेस दिली. समोरच्या घरात नुकतंच झोपवलेलं पोर रडत उठलं.

मी बॉनेट उघडायला लावलं. रेडिएटरच्या पंख्यामागं कंपनीचा बिडाचा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलेंडरांतला धूर गोळा करून बाहेर नेणारा ओतीव लोखंडाचा तुकडा, जसाच्या तसा बसलेला, वरच्या गंजक्या पत्र्यासकट. हेडर बसतो तो याच्याच जागी. मग खाली वाकून मागं बघितलं. बदलला होता फक्त शेवटचा डबा, म्हणजे सायलेन्सर. हेडर म्हणून पैसे घेऊन त्या गॅरेजवाल्यानं पोराला फ्री-फ्लो, म्हणजे धूर कमी अडवणारा मोकळा सायलेन्सर लावून दिला होता. त्यानं मुद्दाम फसवलं असेल असंही मी म्हणणार नाही. बेळगावात, निपाणीत, चिकोडीत मी कितीतरी लोकांना या दोन्ही गोष्टींना एकच नाव देताना ऐकलं आहे, त्यात हातात पाना धरणारेही आले.

या गोंधळाचं मूळ माझ्या मते यामाहाच्या आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलमध्ये आहे. आमच्या भागातल्या निम्म्या लोकांचं गाडीचं शिक्षण त्या गाडीवर झालं. टू-स्ट्रोकला इंजिनपासून शेपटापर्यंत एकच नळी असते, मध्ये पोट फुगलेली आणि पुढं पुन्हा निमुळती होत गेलेली. तो निमुळता भाग धुराची लाट उलटी परतवतो, आणि सिलेंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण ती लाट पुन्हा आत ढकलते. म्हणजे टू-स्ट्रोकचा सायलेन्सर खरोखरच ताकद बनवतो. तो बदलला की गाडीचा आवाजही बदलतो आणि पिकअपही. हे ज्यानं अनुभवलं, त्याच्या डोक्यात आवाज आणि ताकद यांची गाठ कायमची बसते. पुढं तो चार सिलेंडरची फोर-स्ट्रोक गाडी घेतो आणि तीच गाठ तिलाही लावतो. तिथं मात्र ती लागत नाही, कारण फोर-स्ट्रोकमध्ये ताकदीचं काम हेडच्या, म्हणजे सिलेंडरांवरच्या झाकणाच्या तोंडाशी, पहिल्या दोन-तीन फुटांतच उरकतं. डबा त्यानंतर बऱ्याच लांब, डिकीखाली असतो.

आधी हेडर जिची जागा घेतो ती वस्तू बघू. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत ज्यानं नोकरी केली त्याला बीड समजावून सांगायला नको. वाळूचा साचा, आत पोकळी राखायला कोअर, वरून वितळलेलं लोखंड. एका ओतात चार तोंडांचा मॅनिफोल्ड तयार होतो. कंपन्या तो वापरतात त्याला कारणं आहेत. स्वस्त पडतो, जाड भिंतीमुळं इंजिनची टकटक बाहेर येऊ देत नाही, उष्णता धरून ठेवतो आणि वीस-वीस वर्षं तक्रार करत नाही. पान्यानं ठोकला तर 'ठप्प' असा बसका आवाज येतो. त्याची अडचण आतल्या वाटेत आहे. जुन्या साध्या मॅनिफोल्डमध्ये चारही सिलेंडरांचा धूर आखूड तोंडांतून एकाच बोळात येऊन पडतो.

चार सिलेंडरच्या बहुतेक इंजिनांचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ असतो. एका सिलेंडरनंतर दुसरा क्रँकच्या १८० अंशांनी पेटतो, पण एग्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, त्याहून जास्त, साधारण २४० अंश उघडा राहतो. म्हणजे तिसऱ्याचा व्हॉल्व्ह अजून मिटलेला नसतो तोवर शेजारच्या चौथ्याचा उघडतो आणि त्याचा दाबाचा धक्का तिसऱ्याच्या तोंडात शिरतो. जळका धूर पूर्ण बाहेर पडत नाही, तेवढी ताज्या मिश्रणाची जागा अडते.

हेडर नेमकं हेच सोडवतो. प्रत्येक सिलेंडरला स्वतंत्र, ठरावीक लांबीची नळी असते. धुराचा धक्का नळीतून पुढं जातो, जोडावर पोकळी सापडली की तिथून कमी दाबाची लाट उलटी फिरते. तापलेल्या धुरात ही लाट सेकंदाला पाचशे-साडेपाचशे मीटरनं धावते. ६००० आरपीएमला सिलेंडरचं पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत संपतं, आणि हाताएवढ्या नळीतून लाटेला जाऊन यायला तीनेक मिलिसेकंद लागतात. ती जर धूर सोडणारा आणि मिश्रण घेणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतानाच्या क्षणी परतली, तर उरलासुरला धूर ओढून नेते आणि पाठोपाठ ताजं मिश्रण आत खेचते. पिस्टन ओढण्याआधीच हे घडतं. इतकं काम एक साधी वाकवलेली नळी करते, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

म्हणूनच नळीची लांबी आणि जाडी हाच खरा हेडर. नळी आखूड असली की फायदा वरच्या आरपीएमला मिळतो, लांब असली की खालच्या-मधल्या. ४-१ प्रकारात चारही नळ्या एकदम एकत्र येतात, टॉपला जोर असतो. ४-२-१ मध्ये आधी १ आणि ४, २ आणि ३ अशा जोड्या लागतात, कारण त्या एकमेकींपासून ३६० अंशांनी पेटतात आणि एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. मग त्या दोहोंची एक होते. गोव्याच्या बाजूनं कणकुंबीकडं चोर्ल्याचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढणाऱ्या माणसाला ४-२-१ च पाहिजे. ७००० आरपीएमची ताकद त्याला तिथं कुठं वापरायला मिळणार?

फ्री-फ्लोबद्दल इतकं लिहायला लागत नाही. कंपनीच्या डब्यात कप्पे असतात, धूर त्यांतून उलटसुलट फिरतो आणि आवाज मरतो. फ्री-फ्लोमध्ये आरपार भोकाभोकांची नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर. धुराला वाट सरळ मिळते, आवाज थोडाच मरतो. वाट मोकळी झाल्याचा थोडा उपयोग वरच्या आरपीएमला होतो हे खरं आहे, पण दीड लिटरच्या साध्या इंजिनाला कंपनीचा डबा फारसा नडत नसतो. आणि हायवेवर ३००० आरपीएमला चार सिलेंडरचे सेकंदाला १०० धक्के होतात. ती घूं घूं घूं निपाणी येईपर्यंत कानात भरते आणि मागच्या सीटवरचं म्हातारं माणूस गाडी थांबवायला लावतं. लोकर एक-दोन पावसाळ्यांत सुटली की आवाज आणखी फाटतो.

"थोडं बॅक प्रेशर लागतंच" हे वाक्य सगळीकडं ऐकू येतं. इंजिनाला धुराची अडवणूक कधीच नको असते. त्याला पाहिजे असतो धुराचा वेग. फार जाड पाईप घातला की धूर मंदावतो, लाटेची वेळ चुकते आणि खालचा पिकअप जातो. लोक त्याला बॅक प्रेशर कमी झालं म्हणतात.

आता बसवण्याकडं येतो, कारण हेडर तिथंच फसतो. फ्री-फ्लो अर्ध्या तासाचं काम आहे, रबराचे हँगर काढा, दोन नट सोडा. हेडरसाठी वीस-पंचवीस वर्षं तापून थंड झालेले स्टड, म्हणजे हेडमध्ये रुतलेले आट्यांचे दांडे, त्यांच्यावरचे नट सोडवावे लागतात. आदल्या रात्री प्रत्येक नटावर डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. सकाळी आधी अगदी किंचित आवळा, मग सोडवा, पुन्हा थोडं आवळा. नट कुरकुरत सुटतो. स्टड हेडमध्ये मोडला तर ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ड्रिल मारायची पाळी येते, आणि तिथं हात जरा तिरका गेला की काम चार पटीनं वाढतं.

मी माझ्या मारुती एस्टीमला पहिल्यांदा हेडर घातला तेव्हा पैसे वाचवायला साध्या लोखंडी नळीचा करून घेतला होता. वेल्डिंग बाहेरून सुरेख दिसत होतं. एका पावसाळ्यात, कणकुंबीच्या बाजूला लाल तापलेल्या नळीवर खड्ड्यातलं पाणी उडून उडून, चार नळ्या एकत्र येतात त्या जोडावर केसाएवढी चीर पडली. आतून बघितलं तर वेल्डिंगचे गोळे नळीत लोंबत होते. ज्या वाटेसाठी एवढा खटाटोप केला, तीच वाट मी अडवून ठेवली होती. तेव्हापासून मी नळीच्या आत बोट फिरवल्याशिवाय हेडर घेत नाही. आर्गन वेल्डिंगचा, ३०४ स्टेनलेसचा असला तरीही.

स्टेनलेसचंही एक बघावं लागतं. ३०४ तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दीडपट फुगतं. हेडला टेकणारी पट्टी म्हणजे फ्लँज, ४० सेंटिमीटरचा फ्लँज ५०० अंशांनी तापला तर तीन मिलिमीटरहून जास्त लांबतो. म्हणून फ्लँज जाड पाहिजे, त्याची भोकं किंचित मोठी पाहिजेत, पॅकिंग नवं पाहिजे आणि नट मधून बाहेर अशा क्रमानं आवळायला पाहिजेत. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळा. गाडी थंड असताना.

जोड गळतोय का हे दर वेळी कानानं कळत नाही म्हणून मी एक युक्ती करतो. इंजिन बंद ठेवून वॅक्यूम क्लिनरची हवा मागच्या पाईपमधून उलटी सोडायची आणि पुढच्या जोडांवर ब्रशनं साबणाचं पाणी लावायचं. गळती असेल तिथं बुडबुडे येतात. याचं महत्त्व असं की धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी गळती असेल तर दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो, गाडी जड होते आणि ॲव्हरेज पडतं. हेडर घालून गाडी मंद झाली म्हणणाऱ्याकडं मी आधी साबण घेऊन जातो.

दोन गोष्टी मी स्पष्ट सांगतो. काही गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. अशा गाडीत हेडर म्हणजे कन्व्हर्टर फेकून देणं, ते मी करत नाही आणि कुणाला करायला सांगत नाही. दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे वाचलं. आवाज आणि धुरासाठी १९०(२) कलम आहे, त्यात पहिल्या वेळीसुद्धा १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्सवर गदा येऊ शकते. पोलिसाच्या कानावर आधी डबाच पडतो, गाडी बेळगावची केए-२२ असो की कोल्हापूरची एमएच-०९. पंधरा वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओसमोर उभं राहायचं असतं, तेव्हा काढलेला मॅनिफोल्ड भंगारात घालू नका.

भाच्याला मी विचारलं, मुळात हेडर कशाला पाहिजे होता? म्हणाला, "वर्षभर पिकअप गेल्यासारखं वाटायलंय मामा, जांबोटीच्या पुढं ओढत न्हाई." मी आतून वॅक्यूम क्लिनर आणला, त्याला साबणाचं पाणी करायला सांगितलं. पहिल्या-दुसऱ्या तोंडाला काही नव्हतं. तिसऱ्यावर ब्रश फिरवला आणि बिडाच्या कडेनं चण्याएवढा बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. कंपनीच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग जळालं होतं. ते बदलायला एक दुपार लागली. जुना डबा त्यानं गोठ्यात ठेवला होता, तो दुसऱ्या रविवारी आणून पुन्हा चढवला. हेडर घालायचा की नाही ते तो घाटातून जाऊन आल्यावर ठरवणार होता. संध्याकाळी कणकुंबीहून फोन आला, "मामा, तिसऱ्यात चढली की."