सिंथेटिक की साधं? कोकणातल्या गाड्या आणि इंजिन ऑइलचा जुना वाद

महाड-चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या गॅरेजांत ‘वीस-चाळीस’ (20W-40, डब्यावरचा तेलाच्या जाडीचा आकडा) हे एकेकाळी इंजिन ऑइलचंच दुसरं नाव होतं. ॲम्बॅसेडर असो, फियाट असो की वडापची जीप, चेंबरमध्ये कच्च्या तेलातून काढलेलं तेच साधं तेल ओतलं जायचं. इंजिन धूर काढू लागलं की त्याहून जाड, नुसतं चाळीस नंबर. मारुती ८०० आली तरी मिस्त्रीच्या फळीवरचा डबा बदलला नाही. १९९० च्या दशकात वंगणाचा बाजार खुला झाला, परदेशी नावांचे डबे पंपाबाहेरच्या दुकानांतही दिसू लागले आणि ‘सिंथेटिक’ हा शब्द मुंबई-गोवा महामार्गावर पोचला. सोबत दुप्पट-तिप्पट किंमत घेऊन.

सिंथेटिक तेलं मुळात थंडीसाठी आणि टंचाईसाठी जन्मली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने ती बनवली, पुढे जेट इंजिनांनी एस्टर जातीची तेलं वापरली आणि १९७० च्या दशकात ती मोटारींसाठी बाजारात आली. सुरुवातीच्या काही सिंथेटिक तेलांनी रबरी सील आकसायचे आणि गळती लागायची. ‘जुन्या गाडीत सिंथेटिक टाकलं की ऑइल गळतं’ हे आजही ऐकू येतं, त्याचं मूळ तिथलं आहे. नंतर तेलांत एस्टर आणि सील फुगवणारी रसायनं मिसळून तो दोष काढला गेला. आज सिंथेटिक भरल्यावर गळती दिसली, तर सील बहुधा आधीच गेलेला असतो.

खरा गुंता १९९९ चा आहे, आणि डब्यावर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा असा आहे. तोवर सिंथेटिक म्हणजे लहान रेणू जोडून कारखान्यात घडवलेलं तेल, मुख्यतः पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन), अशी सर्वसाधारण समजूत होती. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका मोठ्या कंपनीने आपल्या सिंथेटिक डब्यातलं पीएओ काढून त्याजागी कच्च्या तेलापासूनच, पण हायड्रोजनच्या प्रचंड दाबाखाली रेणू मोडून-बदलून काढलेलं तेल भरलं. मूळ तेलांच्या (ज्यात रसायनं मिसळून इंजिन ऑइल बनतं त्यांच्या) वर्गवारीत हे तिसऱ्या गटातलं, पीएओ चौथ्या. नवं तेल बनवायला बरंच स्वस्त होतं. डब्यावरचा शब्द मात्र तोच राहिला. प्रतिस्पर्धी कंपनीने तक्रार केली. १९९९ मध्ये निवाडा दिला तो अमेरिकेतल्या जाहिरात-व्यवसायाच्या स्वयंनियमन संस्थेने: रेणूंची रचना इतकी बदलली असेल तर त्याला सिंथेटिक म्हणायला हरकत नाही.

हा न्यायालयाचा निकाल नव्हता आणि तेलाचा दर्जा ठरवणाराही नव्हता. प्रश्न फक्त जाहिरातीत शब्द वापरता येईल का, एवढाच होता. तरी त्यानंतर जवळजवळ सगळा उद्योग त्याच वाटेने गेला. जर्मनीत मात्र तिसऱ्या गटाच्या तेलाला ‘पूर्ण सिंथेटिक’ म्हणता येत नाही, तिथे डब्यावर वेगळा शब्द छापतात. निवाड्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे: चांगलं शुद्ध केलेलं तिसऱ्या गटाचं तेल रस्त्यावरच्या गाडीत पीएओच्या जवळ जातं. पण ग्राहकाला त्या शब्दातून आत काय आहे हे कळेनासं झालं. ‘सेमी सिंथेटिक’ तर त्याहून निसरडं. त्यात चांगलं तेल किती टक्के, हे डब्यावर सहसा छापलेलं नसतं, आणि काउंटरवर विचारलं तर दुकानदार किंमत सांगतो.

पीएओ उणे ५० अंशाच्याही खाली वाहतं. तिसऱ्या गटाचं तेल रसायनांच्या मदतीशिवाय उणे १५-२० च्या आसपास थिजू लागतं. दापोलीतली थंडी धरली तरी कोकणात या फरकाला काही अर्थ नाही. इथे सिंथेटिकची बाजू तापलेल्या इंजिनाकडे आहे: भरलेली टर्बो डिझेल गाडी कुंभार्ली, आंबा किंवा करूळ घाट चढते तेव्हा टर्बोपाशी साधं तेल लवकर जळून घट्ट होतं, चांगलं सिंथेटिक टिकतं. उलट, चाकरमान्यांनी गणपती ते शिमगा गावच्या पडवीत झाकून ठेवलेली, मधे फक्त बाजारापुरती फिरणारी गाडी असेल तर घाट तिच्या वाट्याला येतच नाही. अशा छोट्या फेऱ्यांत तेल पुरतं तापत नाही, दमट हवेतलं आणि जळणातून आलेलं पाणी आत साचतं, फिलर कॅपखाली दुधी साय धरते. कुठलंही तेल हे पाणी घालवत नाही. ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष’ यातलं वर्ष विसरून महागडं सिंथेटिक दोन-दोन पावसाळे ठेवणारे सहा महिन्यांनी साधं बदलणाऱ्यांहून वाईट स्थितीत असतात.

हा वाद आता बराचसा जुन्या गाड्यांपुरता उरला आहे. अलीकडच्या अनेक पेट्रोल गाड्यांना ‘शून्य-वीस’, काहींना ‘शून्य-सोळा’ लागतं आणि तितकं पातळ तेल साध्या मूळ तेलातून बनवणं व्यवहारात जमत नाही. म्हणजे निवड कंपनीनेच करून टाकली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर आला. त्याला कमी राख सोडणारं तेल लागतं. डब्याच्या मागच्या बाजूला सी-२, सी-३ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते याचसाठी. ट्रॉलरच्या किंवा ट्रकच्या बॅरलमधलं जुन्या धाटणीचं पंधरा-चाळीस अशा गाडीत ओतलं तर इंजिन कुरकुर न करता चालतं, पण त्याची राख फिल्टरमध्ये साठत जाते. काजळी जाळून साफ होते, राख जळत नाही. फिल्टर भरला की तो काढून धुवावा किंवा बदलावा लागतो, आणि त्या खर्चापुढे डब्यांतला फरक चिल्लर ठरतो.