पाळतराज्यातील प्रेमकथा

पाळतराज्यातील प्रेमकथा : किशोर आणि तरुण वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या डिस्टोपियन, म्हणजे भयावह जुलमी राज्याचे चित्र रंगवणाऱ्या, कादंबरीचा एक उपप्रकार. प्रत्येकावर नजर ठेवणारी सत्ता, तिच्या सावलीत वाढलेले सोळा-सतरा वर्षांचे मुलगा-मुलगी, आणि त्यांच्यापैकी निदान एकाच्या मनात निष्ठेची पडलेली फूट, एवढे असले तरच कथा या प्रकारात धरली जाते. जुलमी राजवट एकीकडे आणि प्रेमप्रकरण दुसरीकडे असे समांतर चालून भागत नाही. ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याच्यावरच जीव जडतो, हा या कथेचा गाभा आहे.

मराठी वाचकाला हा गाभा स्वतःच्या भाषेतूनच उमगतो. पाळत हा शब्द पाळणे, पाळणा, पालक यांच्याच पंगतीला बसलेला आहे. अंगणात खेळणाऱ्या पोरावर आई लक्ष ठेवते, सुटून आलेल्या गुन्हेगारावर फौजदार लक्ष ठेवतो, आणि वर्गातल्या एखाद्या मुलीवर एखाद्या मुलाचे लक्ष असते. ‘ठेवणे’ आणि ‘असणे’ यांत जेवढे अंतर आहे तेवढ्याच जागेत ही कथा घडते. हेर माणसाकडे बारकाईने पाहतो: ती किती वाजता घराबाहेर पडते, कुठल्या गल्लीने वळते, कोणाशी बोलताना तिचा आवाज खाली येतो. प्रेमात पडलेला मुलगाही हेच टिपत असतो. म्हणून या प्रकारातील उत्तम कादंबऱ्यांत पहिली प्रेमाची खूण चिठ्ठीतून किंवा स्पर्शातून येत नाही. रोजच्या अहवालातून एक ओळ गाळली जाते. तिला नदीकाठी पाहिले, हे तो लिहीत नाही. त्या गाळलेल्या ओळीपासून कथा खरी सुरू होते.

पूर्वपीठिका

आदर्श राज्याचे चित्र रंगवणारा ‘युटोपिया’ हा शब्द टॉमस मोरने १५१६ मध्ये रूढ केला. त्याच्या उलट अर्थाचा ‘डिस्टोपियन’ हा शब्द जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत आयर्लंडविषयक धोरणावर टीका करताना वापरला. आपल्याकडे पहिल्या कल्पनेला रामराज्य हा शब्द तयार होता. दुसरीसाठी मात्र ‘अंधेर नगरी’पलीकडे नेमका शब्द नव्हता. अंधेर नगरीत गोंधळ असतो. डिस्टोपियात सगळे काटेकोर, वेळच्या वेळी आणि नोंदवहीत असते, आणि भीती नेमकी त्या काटेकोरपणाची असते. जेरेमी बेंथमने १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पॅनॉप्टिकॉन’ तुरुंगाच्या आराखड्यात ही भीती आधीच बांधून काढलेली होती. मध्यभागी मनोरा, भोवती गोलाकार कोठड्या, आणि मनोऱ्यात या क्षणी कोणी आहे की नाही हे कैद्याला कधीच न कळणे. पाहणारा नसला तरी चालतो, तो असेल एवढी धास्ती पुरते.

या आराखड्यात प्रेम आणून ठेवले ते येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने. त्याच्या १९२०–२१ मध्ये लिहिलेल्या ‘आम्ही’ या कादंबरीत घरांच्या भिंती काचेच्या आहेत, माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत, आणि पडदा ओढायची परवानगी ठराविक वेळी गुलाबी तिकिटावर मिळते. कादंबरीचा इंग्रजी अनुवाद १९२४ मध्ये निघाला. तिच्या स्वतःच्या देशात ती १९८८ मध्ये छापली गेली. जॉर्ज ऑर्वेलने १९४९ मध्ये ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबरीत तोच धागा आणखी कठोर केला. त्याच्याकडे प्रेमिकांना नुसते पकडले जात नाही, एकमेकांना दगा द्यायला लावले जाते. या दोन्ही कादंबऱ्यांतील माणसे प्रौढ आहेत. तरुणांसाठीच्या लेखनात हा विषय उशिरा स्थिरावला. २००८ मध्ये सुझान कॉलिन्सची ‘द हंगर गेम्स’ आली आणि पुढच्या काही वर्षांत अशा कादंबऱ्यांची लाटच उसळली. तिथे मुलांची जीवघेणी स्पर्धा कॅमेऱ्यांसमोर चालते, आणि प्रेम दाखवणे हासुद्धा जगण्याचा डाव ठरतो. खरे प्रेम कोणते आणि दाखवण्यासाठीचे कोणते, हे नायिकेलाही पुष्कळदा ठरवता येत नाही.

निष्ठेची फूट

मराठीत या अवस्थेसाठी असलेले शब्द जवळजवळ सगळे निंदेचे आहेत: फितूर, घरभेदी, चहाडखोर, दोन्ही डगरींवर हात ठेवणारा. बिभीषणाने अन्यायी भावाची बाजू सोडली, तो धर्माच्या बाजूला गेला, लंकेचा राजा झाला. तरी बोलीभाषेत त्याचे नाव आजही घरभेद्याला दिले जाते. भाषेने निकाल केव्हाच दिलेला आहे, आणि या कथाप्रकाराला तो निकाल पुन्हा उघडायचा असतो.

मोठ्या माणसाला बाजू निवडता येते असे आपण गृहीत धरतो. सोळाव्या वर्षी बाजू निवडलेली नसते, ती जन्माबरोबर मिळालेली असते. बाप पाळतखात्यात आहे, घर त्याच्या पगारावर चालते, धाकट्या भावाचे औषध त्याच्याच ओळखीने येते. अशा घरातली मुलगी राजवटीच्या विरोधात असलेल्या मुलाकडे ओढली गेली, तर ती कोणाला फसवते? बापाला, त्या मुलाला, की दोघांनाही थोडे थोडे? ज्या कादंबऱ्या हा प्रश्न बापाला राक्षस करून सोडवतात त्या कच्च्या उतरतात. बाप प्रेमळ असला, स्वयंपाकघरात बसून मुलीला गरम पोळी वाढत असला, आणि सकाळी उठून दुसऱ्याच्या मुलाचे नाव यादीत लिहीत असला, तरच फूट खरी होते.

नाशिकचा संदर्भ

नाशिकमध्ये हा विषय परका वाटत नाही. राज्याच्या फौजदारांना घडवणारी महाराष्ट्र पोलीस अकादमी याच शहरात त्र्यंबक रस्त्यावर आहे. आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पाळत, तारुण्य आणि दुभंगलेली निष्ठा यांची गाठ इथल्या गल्ल्यांत पडलेली आहे.

१९००च्या सुमारास नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीत मित्रमेळा भरू लागला. त्यातले बहुतेक जण विशीच्या आतबाहेरचे होते. उघडपणे गणेशोत्सव, शिवजयंती, पोवाडे. आत गुप्त शपथा. १९०४ मध्ये त्यातूनच अभिनव भारत ही संघटना उभी राहिली. कवी गोविंद यांच्या कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये जन्मठेप झाली. त्यांचा खटला पुढे पाठवणारा जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन हा संस्कृतचा जाणकार होता. लोक त्याला पंडित जॅक्सन म्हणत. त्याची बदली झाली आणि निरोपादाखल विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग ठरला. २१ डिसेंबर १९०९ च्या त्या रात्री अनंत लक्ष्मण कान्हेरे या औरंगाबादला शिकणाऱ्या मुलाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. गोल्फ क्लब मैदानाला आज कान्हेऱ्यांचे नाव आहे.

या घटनेत प्रेमकथा नाही, आणि ती ओढून आणू नये. पण नाटक कोणते होते हे विसरता येत नाही. देवलांची शारदा म्हणजे पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी कोवळी मुलगी. घरानेच जिचा सौदा केला, तिची गोष्ट. मोठ्यांच्या सत्तेपुढे लहानांना आवाज नसणे हाच त्या नाटकाचा विषय होता. त्याच रात्री, त्याच नाट्यगृहात, जेमतेम अठराच्या घरातल्या मुलाने पिस्तूल काढले.

त्याहून या कथाप्रकाराच्या जवळचे आहे ते पुढे जे घडले ते. अटका झाल्या, आणि कटातल्याच काही जणांनी माफीचे साक्षीदार होऊन जबान्या दिल्या. एकाच ताटात जेवलेल्या मित्रांनी मित्रांची नावे सांगितली. कोणी मार खाऊन, कोणी भीतीने, कोणी घरच्यांकडे पाहून. मित्रमेळ्यातल्या मुलांचे बोलणे-चालणे, त्यांची ठिकाणे, शपथा यांचे बरेच तपशील आज आपल्यापर्यंत पोचतात ते या जबान्यांतून. त्या मैत्रीचे बारकावे जपून ठेवले ते तिला मोडणाऱ्या कागदांनी. पाळतराज्याची कथा लिहू पाहणाऱ्या नाशिककराला याहून मोठा ठेवा दुसरीकडे शोधायची गरज नाही, आणि यात कोणा एकाला खलनायक ठरवून मोकळे होण्याचा मोह मात्र त्याने टाळावा.

जन्माने वाटलेले समाज

या प्रकारातील परदेशी कादंबऱ्यांत समाज गटांत, जिल्ह्यांत किंवा रंगांत वाटलेला असतो आणि गट ओलांडून प्रेम करणे हा गुन्हा असतो. तिकडच्या वाचकाला ती कल्पनेची भरारी वाटते. काळाराम मंदिराच्या दारात वाढलेल्या वाचकाला तसे वाटण्याचे कारण नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली त्या मंदिराच्या दारांवर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालवला. दारे उघडली गेली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. कोणाच्या निष्ठेवर कोणाचा हक्क, आणि ज्या घराने दार उघडले नाही त्याच्याशी निष्ठा किती काळ ठेवायची, हे प्रश्न इथे कादंबरीच्या आधी रस्त्यावर विचारले गेले.

पाळतीचेही तसेच. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. त्यांतल्या माणसांना ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवाना लागे, आणि पाळण्यातले मूलही उद्याचा संशयित धरले जाई. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. हजेरीला उभ्या असलेल्या मुलीवर हजेरी घेणाऱ्या शिपायाच्या मुलाचा जीव जडला, अशी कादंबरी लिहायला भविष्यकाळाची गरजच नाही.

आजची पाळत

भारतीय कायद्यात हा विषय एका दारावरच्या थापेने आला. उत्तर प्रदेशातील खरकसिंग याच्यावर दरोड्याचा आरोप होता, पुराव्याअभावी तो सुटला, तरी पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट, म्हणजे नजर ठेवायच्या माणसाची नोंद, उघडली. रात्री-अपरात्री शिपाई दार ठोठावत, झोपेतून उठवत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण खासगीपणाचा हक्क घटनेत आहे असे मानले नाही. ते मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले.

आता थाप ऐकू येत नाही. क्लासच्या दारात कॅमेरा असतो, गैरहजेरीचा मेसेज आईच्या फोनवर जातो, आणि कॉलेज रोडवर चहा पिणारी मुलगी घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवून बसलेली असते. सिंहस्थात गर्दी सांभाळायला लावलेले कॅमेरे माणसांचे जीव वाचवण्यासाठी असतात; २००३ च्या सिंहस्थातील चेंगराचेंगरी ज्यांना आठवते ते नाशिककर कॅमेऱ्याला नुसते वाईट म्हणणार नाहीत. हीच अडचण आहे, आणि कथाकाराने ती अडचण म्हणूनच जपली पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले, त्यांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक केली, आणि अपवाद ठेवून त्यांचा माग काढायला मनाई केली. कंपनीपासून मुलाला वाचवणारा राखणदार म्हणजे पालक. पालकांपासून काही लपवायचे असेल तर काय, याचे उत्तर कायदा देत नाही. कादंबरीला तिथेच जागा मिळते.

उणिवा आणि मराठीतील शक्यता

लोकप्रिय झाल्यावर या प्रकाराला साचे चिकटले. एका मुलीभोवती दोन मुले, एक राजवटीतला आणि एक बंडातला. शेवटच्या पन्नास पानांत राजवाडा कोसळणे. पाळत ठेवणारे खाते इतके मूर्ख की दोन पोरे ते सहज चकवतात. सर्वांत मोठी उणीव अशी की बंडखोरांची पाळत पाळत मानली जात नाही. गुप्त संघटनाही आपल्या माणसांवर नजर ठेवते, प्रेमाला संशयाने पाहते, शपथ मोडणाऱ्याला शिक्षा करते. पूर्व जर्मनीतील ‘श्टाझी’ या गुप्त पोलीस खात्याचे दप्तर १९९२ मध्ये नागरिकांना खुले झाले, तेव्हा काहींना आपल्यावरचे अहवाल स्वतःच्या जोडीदाराने लिहिलेले आढळले. त्या कागदांत संसाराची बारीकसारीक वर्णने होती. त्यांतले किती पाळतीतून आले आणि किती मायेतून, हे वाचणाऱ्यालाही सांगता आले नसेल.

मराठीत विज्ञानकथेची परंपरा भक्कम आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकर या विज्ञानकथाकाराला मिळाले, ही गोष्ट या शहरातल्या तरुण वाचकांना विशेष वाटली पाहिजे. त्या परंपरेचा भर कल्पनेच्या शास्त्रीय पायावर राहिला. पाळतराज्याच्या प्रेमकथेला मात्र यंत्राहून अधिक गरज आहे ती बोलीची. अहवालाची भाषा शासकीय मराठीत असेल: ‘सदर इसम सायंकाळी ६.१० वाजता गोदाघाटावर आढळून आला.’ आणि त्याच प्रसंगाची त्या मुलीच्या मनातली भाषा वेगळी असेल: ‘आला. उशीर केलान, पण आला.’ एकाच सायंकाळची ही दोन मराठी वाक्ये शेजारीशेजारी ठेवणारे पुस्तक लिहायला कोणतेही दूरचे राज्य लागत नाही. रामकुंडाच्या पायऱ्या आणि समोरच्या खांबावरचा कॅमेरा एवढे पुरते.