ड्रेन कॉक आणि वॉटर ट्रॅप: कॉम्प्रेसरच्या पाण्याचे दोन वेगळे बंदोबस्त

एअर कॉम्प्रेसरच्या लाइनला, म्हणजे टाकीतून हवा नेणाऱ्या नळीला, वॉटर ट्रॅप बसवला की टाकीतलं पाणी सोडायची गरज नाही, असं बरेच जण धरून चालतात. उलट तक्रारही ऐकू येते: टाकी तर रोज रिकामी करतो, मग स्प्रे गनमधून थेंब येतातच कसे? दोन्हींच्या मुळाशी गोंधळ एकच आहे. टाकीच्या बुडाचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी, टाकी वाचवतो. लाइनमधला ट्रॅप, म्हणजेच मॉइश्चर सेपरेटर, तुमचं काम वाचवतो. एकाचं काम दुसरा करत नाही.

आधी हिशोब पाहू. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. ही मर्यादा जागेवर आणि तापमानावर ठरते, दाबावर नाही. ५० लिटरची टाकी ८ बार दाबाने भरली म्हणजे तिच्यात बाहेरची सुमारे ४५० लिटर हवा कोंबली गेली. आर्द्रता ७० टक्के असेल तर त्या हवेसोबत साडेनऊ ग्रॅम वाफ आत आली. ५० लिटरच्या जागेत मात्र दीड ग्रॅमच राहू शकते. उरलेल्या आठ ग्रॅमचं, टाकी निवली की, पाणी होतं. हे झालं एका भरण्याचं. मिनिटाला १०० लिटर हवा तासभर ओढली तर हाच आकडा १०० मिलिलिटरच्या वर जातो.

हे सगळं पाणी टाकीतच पडलं असतं तर ट्रॅपची गरजच नव्हती. पण पंपातून हवा बाहेर पडते तीच मुळी तापून. थोडा वेळ चालवून बंद केलात तर ती टाकीत निवते आणि पाणी तळाला बसतं. सलग रंगकाम चालू असेल तर तिला निवायला वेळच मिळत नाही. समजा टाकीतून ती ४५ अंशाला निघाली. त्या तापमानाला घनमीटरमागे ६५ ग्रॅम वाफ मावते. नळीतून जाताना हवा ३० अंशावर आली की त्यातली निम्म्याहून जास्त वाफ नळीतच पाणी होऊन पडते. टाकी कोरडी ठक्क असली तरी गन थुंकते ती म्हणून.

आता ट्रॅप. आत शिरलेल्या हवेला तो गरगर फिरवतो. जड थेंब भिंतीवर आपटून खालच्या वाटीत उतरतात. पुढे फिल्टर असेल तर तो धूळ आणि गंजाचे कण अडवतो. वाफ मात्र दोन्हींतून सरळ पार होते. ट्रॅप पकडतो ते फक्त आधीच पाणी झालेलं, आणि इथेच त्याच्या जागेचा प्रश्न येतो. पुष्कळ मशिनांवर तो रेग्युलेटरसोबत (हवेचा दाब उतरवून देणारा भाग) टाकीच्या तोंडालाच लावलेला असतो. सोयीची जागा, पण माझ्या मते सगळ्यात वाईट: तिथे हवा अजून गरम असते. मधे निदान सात-आठ मीटर धातूचा पाइप जाऊ द्या, त्याला उतार द्या, सगळ्यात खालच्या टोकाला पाणी सोडायचा कॉक ठेवा आणि कामाची नळी पाइपच्या वरच्या अंगाने काढा. मग ट्रॅप, त्यानंतर रेग्युलेटर. दाब उतरल्यावर हवा फुगते आणि वाफेला जागा वाढते, म्हणून पाणी धरायचं ते दाब चढा असतानाच. महाग ट्रॅपपेक्षा हा लांब पाइप जास्त उपयोगी पडतो. फक्त तो पीव्हीसीचा नको. दाबाखाली फुटला तर त्याच्या धारदार ठिकऱ्या उडतात.

ट्रॅपची वाटी भरत आली की तिच्या खालच्या बटणाने पाणी सोडा. पातळी आतल्या चकतीपर्यंत चढली तर हवा तेच पाणी पुन्हा उचलून नेते. वाटी बहुधा पॉलिकार्बोनेटची असते. ती थिनरने पुसू नका, तडकते. साबणाचं पाणी पुरे.

खिळे ठोकायची गन चालवायला किंवा टायर भरायला ट्रॅप नसला तरी अडत नाही. रंगकामाला मात्र ट्रॅप लागतोच. आणि तरीही ट्रॅपपुढची हवा कोरडी नसते, त्या तापमानाला मावेल तेवढी वाफ तिच्यात असतेच. खरी कोरडी हवा हवी असेल तर सिलिका जेलचा किंवा हवा थंड करणारा ड्रायर लागतो.

ड्रेन कॉकला मात्र सूट नाही, काम कुठलंही असो. पाणी साचलेल्या टाकीत हवेला जागा कमी उरते, मोटर वारंवार चालू होते. पण खरी धास्ती गंजाची. पत्रा आतून झिजतो आणि बाहेरून रंग चकचकीत दिसत राहतो. दिवसाचं काम संपलं की स्विच बंद करा, प्लग काढा, दाब एक-दोन बारवर येऊ द्या, संरक्षक चष्मा लावा आणि कॉक हळूहळू उघडा. पूर्ण दाबावर उघडलात तर गंजाच्या कपच्या उडतात. शून्यावर उघडलात तर पाण्याला ढकलायला काही उरत नाही. आधी घरघर, मग फसफस, शेवटी कोरडी फुस्स. तसाच उघडा ठेवा. कॉक अगदी खोलगट जागी नसेल तर टाकी त्या बाजूला थोडी कलती करा.

पाण्याचा रंग बघत जा. दुधाळ असेल तर पंपाचं तेल मिसळलंय. ते बागेत ओतू नका. लालसर असेल तर गंज सुरू झालाय. टाकीला भोक पडलं तर वेल्डिंग करून वापरायच्या फंदात पडू नका, ती टाकी बाद.

पाणी आपोआप सोडणारे व्हॉल्व्ह टाकीलाही मिळतात आणि ट्रॅपलाही. ट्रॅपमधल्यावर भरवसा ठेवता येतो. टाकीखालचा मात्र गंजाची एक कपची अडकली तरी मुकाट्याने बंद पडतो, तेव्हा अधूनमधून हाताने उघडून पाणी खरंच येतंय का ते बघावं.