मुक्कामाची चूल

मे महिना जवळ आला की लोणावळा, अलिबाग, पाचगणी, दापोलीकडच्या भाड्याच्या बंगल्यांच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यांत एक ओळ हमखास असते : किचन वापरता येईल. म्हणजे गॅस, फ्रीज, कुकर, तवा आणि चार-सहा पातेली. दोन-तीन कुटुंबं मिळून बंगला घेतात, निघताना डिकीत तांदूळ, कणीक, कांदे-बटाटे आणि मसाल्याचा डबा टाकतात आणि एखादंच जेवण बाहेर घेतात. ही पद्धत ऑनलाइन बुकिंगच्या कंपन्यांनी आणली असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यांतली एक मोठी कंपनी, एअरबीएनबी, २००८ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली. आपल्याकडे मुक्कामाच्या जागी स्वतः रांधून खाण्याची रीत तिच्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. प्रवाशाला शिजवलेलं जेवण विकणारं हॉटेल त्यामानाने अलीकडचं.

या रीतीचा सर्वांत नीट बसवलेला नमुना केदारनाथ-बदरीनाथच्या पायवाटेवर होता. हरिद्वार-हृषीकेशहून पायी निघालेल्या यात्रेकरूला काही मैलांच्या अंतराने चट्टी लागे. चट्टी म्हणजे स्थानिक दुकानदारानं बांधलेली लांबट पडवी, पुढे मातीच्या चुली, बाजूला त्याचं किराणा दुकान. रात्रीच्या निवाऱ्याचं भाडं नसे. कणीक, डाळ, तांदूळ, तूप आणि लाकडं त्याच दुकानातून घ्यायची, एवढीच अट. मग तो पातेलं, तवा, परातही वापरायला देई. यात्रेकरू आपल्या हातानं रांधत, जेवत, भांडी घासून परत करत आणि पहाटे पुढे निघत. दुकानदाराचं सगळं उत्पन्न शिध्यावर होतं, आणि वर चढावं तसा भाव चढे, कारण धान्य माणसांच्या आणि खेचरांच्या पाठीवरून यायचं, शेळ्या-मेंढ्यांच्या अंगावर लादलेल्या छोट्या पिशव्यांतूनही यायचं. राहणं फुकट आणि शिधा विकत, हे गणित मला फार शहाणपणाचं वाटतं. गरीब यात्रेकरू मूठभर डाळ-तांदूळ घेऊनही छपराखाली झोपू शके.

चट्टीवरच्या स्वयंपाकाला उंचीची अडचण होती. केदारनाथ समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटरवर आहे. तिथे पाणी साधारण ८८ अंश सेल्सिअसलाच उकळतं. त्याहून ते तापत नाही, म्हणून तुरीची डाळ तासन् तास रटरटूनही टचटचीत राहते आणि भाताच्या शितात कणी उरते. कणकेची रोटी मात्र तव्यावर आणि निखाऱ्यावर भाजली जाते, तिला पाण्याच्या उकळीशी देणंघेणं नाही. तेव्हा भाताची सवय असलेल्या कोकणातल्या माणसालाही तिथे रोटीवर दिवस काढावे लागत. भारतात प्रेशर कुकरचं उत्पादन १९५९ च्या सुमारास सुरू झालं आणि पुढे हिमालयात जाणाऱ्यांच्या सामानात त्यानं जागा मिळवली. पण तोवर चट्ट्यांचेच दिवस भरत आले होते. १९६२ च्या चीन युद्धानंतर सीमेकडे मोटाररस्ते झपाट्याने गेले, बस थेट बदरीनाथपर्यंत पोचली. चार-पाच मैलांवर थांबायची गरज संपली आणि वाटेवरच्या चट्ट्या ओस पडल्या. हनुमानचट्टीसारखी नावं तेवढी नकाशावर राहिली.

माणसं इतकी यातायात का करत होती? पैसा हे एक कारण झालं, पण मूळ कारण सोवळं. कोणी शिजवलेलं, कोणी शिवलेलं खायचं याचे नियम इतके कडक होते की वाटेत तयार अन्न विकत घेणं बऱ्याच जातींना चालत नसे. कोरडा शिधा चाले, शिजवलेलं अन्न चालत नसे. पाण्यात शिजवलेला भात सर्वांत नाजूक. तळलेलं किंवा दुधात भिजवलेलं त्यामानाने सुरक्षित. दशमी हा पदार्थ प्रवासाचा झाला तो याच हिशेबातून : पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलं की तिला खरकट्याचा नियम लागत नाही, वाटेत कुठेही सोडून खाता येते. दशम्या, लाडू, चिवडा वाटेसाठी आणि मुक्कामाला पोचल्यावर आंघोळ करून पिठलं-भात, अशी विभागणी होती.

आणि हा मुक्कामाचा स्वयंपाक बहुतेक वेळा पुरुष करत. हे आज सहज विसरलं जातं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये आपल्या काकांबरोबर दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचं प्रवासवर्णन चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये छापलं. लांबच्या पायी प्रवासाला निघालेल्या अशा भिक्षुकाला स्वयंपाक येत नसेल तर उपाशीच राहावं लागे. भिक्षुक, कारकून, शिपाई, व्यापाऱ्याचे गुमास्ते यांपैकी घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला भात लावता येई, भाकरी थापता येई. घरी चुलीजवळ न फिरकणारे हात परगावी तीन दगड मांडून जाळ करत.

सोवळ्याच्या या व्यवस्थेची दुसरी बाजूही इथेच सांगायला हवी. ज्यांना धर्मशाळेच्या ओट्यावरही पाय ठेवू देत नव्हते, त्यांच्या वाट्याला स्वतः रांधण्याची सोयसुद्धा नव्हती. १९०१ मध्ये नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनावर उतरून पुढे बैलगाडीनं जायचं होतं. बरोबर घरून दिलेला डबा होता, भूकही होती, पण महार म्हटल्यावर वाटेत कोणी प्यायला पाणी दिलं नाही, आणि पाण्यावाचून अन्न घशाखाली उतरेना. मुलं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. प्रवासातल्या जेवणाचा आपल्याकडचा इतिहास ज्याला सांगायचा आहे त्यानं अहिल्याबाई होळकरांच्या धर्मशाळा आणि अन्नछत्रं जशी सांगावीत, तशी ही रात्रही सांगावी.

गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधायला घेतल्या त्या ही गोष्ट डोळ्यांपुढे ठेवून. पंढरपूरच्या वाळवंटात उघड्यावर झोपणाऱ्या, उघड्यावर रांधणाऱ्या माणसांना त्यांनी पाहिलं होतं. पंढरपुरात त्यांनी उभारलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. नाशिक, देहू, आळंदी इथेही त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. या सगळ्या गावांत पूर्वापार दुसरी एक सोय होती, ती क्षेत्रोपाध्यायांच्या घरांची. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, नरसोबाची वाडी इथे ठरलेल्या उपाध्यायाकडे उतरायचं, त्याच्या घरी पानावर बसायचं किंवा त्याच्याकडून चूल आणि भांडी घेऊन आपलं आपण करायचं. पण ती सोय जातीनं बांधलेली होती. धर्मशाळेनं ते दार थोडं रुंद केलं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्या पन्नास वर्षांत प्रवासाचा वेगच बदलला. महिन्याची वाट दोन दिवसांवर आली. इतक्या कमी वेळासाठी चूल मांडण्याची गरज नव्हती, घरचा डबा पुरे. रेल्वेनं सोवळ्याचा मान राखत स्टेशनांवर 'हिंदू' आणि 'मुसलमान' अशा वेगळ्या उपाहारखोल्या आणि पाण्याची वेगळी पिंपंही ठेवली.

मुक्कामाची चूल पुन्हा पेटली ती डोंगरावर. गव्हर्नर जॉन माल्कमनं १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसवलं. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला चढले आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभॉयांच्या छोट्या गाडीनं नेरळहून माथेरान गाठता येऊ लागलं. साहेबाच्या मागोमाग मुंबईचे पारशी, भाटिया, जैन, खोजा व्यापारी हवापालटाला जाऊ लागले. त्यात १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. मोकळी हवा ही ऐष न राहता औषध झाली. देवळाली, लोणावळा, खंडाळा, माथेरान इथे या समाजांच्या धर्मादाय संस्थांनी सॅनिटोरियम बांधली. नाव रुग्णालयासारखं असलं तरी आत ब्लॉक असत : एक-दोन खोल्या, पुढे व्हरांडा आणि मागे आपलं स्वयंपाकघर. कुटुंब महिनाभर राही. बरोबर धान्याची पोती, लोणच्याच्या बरण्या, एखादा महाराज, म्हणजे स्वयंपाकी, किंवा गडी. जैन कुटुंबांना कांदा-लसूण आणि कंदमुळं वर्ज्य, म्हणून हॉटेलचं जेवण चालण्यासारखं नव्हतंच. धर्म आणि प्रकृती दोन्ही सांभाळायचं तर स्वयंपाकघर हवंच होतं.

मराठी मध्यमवर्गाच्या वाट्याला ही मजा उशिरा आली. मे महिन्यात त्याची रीत आजोळी नाहीतर गावी जाण्याची. तिथे चूल आजीची आणि आमराई मामाची. सहल म्हणून भाड्याच्या खोलीत राहणं सुरू झालं ते नोकरीतल्या सवलतींमुळे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी रजा प्रवास सवलत, म्हणजे एलटीसी, १९५६ मध्ये आली. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढच्या काळात बँका, विमा महामंडळ आणि सरकारी कंपन्या यांची हॉलिडे होम महाबळेश्वर, लोणावळा, माथेरान, गोवा, उटीपर्यंत पसरली. नाममात्र भाडं, चार दिवसांचं बुकिंग, एक बेडरूम, एक स्वयंपाकघर, केअरटेकरच्या सहीनं मिळणारी भांड्यांची यादी. किती चमचे, किती वाट्या हे निघताना मोजून द्यायचं. भाडं आटोक्यात, प्रवासखर्च सरकारचा, मग जेवणावर तरी कशाला उधळा, असा सरळ विचार असे आणि तो चुकीचा नव्हता. एका पगारावर चालणाऱ्या घराला उटीचं दर्शन त्यामुळेच झालं.

या चार दिवसांचं सामान आमच्या पिढीनं पाहिलेलं आहे. स्टोव्ह. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्वीडिश माणसानं १८९२ मध्ये काढलेला प्रायमस आपल्याकडे इतका रुळला की पितळी स्टोव्हला प्रायमसच म्हणत. त्याच्या बरोबर रॉकेलचा डबा, पिना, काकडा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला कुकर, डब्यांत भरलेलं मेतकूट, भाजणी, गोडा मसाला. आणि हे सगळं बांधणारी, उघडणारी, परत बांधणारी आई.

इथे माझा एक आक्षेप आहे आणि तो मी सौम्य करणार नाही. पायी यात्रेच्या काळात प्रवासी पुरुष स्वतः रांधत होता. कुटुंब बरोबर येऊ लागल्यावर त्यानं ते काम सोडून दिलं. सोवळं गेलं, पटकी-प्लेगची भीती गेली, कारणं एकेक करून गळून पडली, तरी मुक्कामाचा स्वयंपाक टिकला आणि तो पूर्णपणे बाईकडे आला. सगळे पॉइंट बघायला निघताना ती पोळ्या लाटत असे, सगळे दमून आल्यावर आमटी फोडणीला टाकत असे. 'बाहेरचं खाऊन पोट बिघडतं' हे वाक्य घरोघरी पुरुषांच्या तोंडी असे, आणि ते पोट सांभाळण्याचं काम मात्र तिचं. जागा बदलली, ओटा अनोळखी झाला, सुरीला धार नाही, मीठ कुठे ठेवलंय ते माहीत नाही. सुट्टी म्हणावी असं तिच्या दिवसात काही नव्हतं.

मराठी सहल कंपन्या इतक्या जोरात चालल्या त्याचं एक मोठं कारण मला हेच वाटतं. १९८४ मध्ये केसरी पाटलांनी केसरी टूर्स सुरू केली. या आणि अशा इतर कंपन्यांच्या सहलींत मराठी चवीच्या जेवणाची हमी हा मुख्य भाग होता. काश्मीरमध्ये वरण-भात आणि श्रीखंड-पुरी! परप्रांतात मराठी जेवणाचा हट्ट धरतात म्हणून या प्रवाशांची पुष्कळ थट्टा होते. मला ती थट्टा आवडत नाही. वर्षानुवर्षं घरात आणि घराबाहेर रांधलेल्या बाईला पहलगामला कोणी गरम ताट वाढून देत असेल, तर तिनं ते का नाकारावं?

स्टोव्ह मात्र आता प्रवासातून जवळजवळ हद्दपार झाला आहे, आणि ते योग्यच झालं. रेल्वेत रॉकेल, स्टोव्ह, गॅस सिलिंडर असं काहीही नेणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी लपवून नेलं जातं. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराई स्थानकाच्या यार्डात उभ्या असलेल्या, लखनौहून आलेल्या यात्रेकरूंच्या खासगी डब्याला आग लागली आणि नऊ माणसं गेली. डब्यात बेकायदा आणलेला गॅस सिलिंडर होता. डबा हाच मुक्काम आणि तिथेच चहा-नाश्ता, ही यात्रा-सहलींची जुनी सवय त्या पहाटे जिवावर बेतली. लॉजमध्ये 'खोलीत स्वयंपाक करू नये' अशी पाटी दिसली की तिच्यावर नाराज होण्याचं कारण नाही. कुकरचा वायर आणि एसीचा वायर एकाच जुन्या बोर्डावर असतो. ज्याला रांधायचं आहे त्यानं स्वयंपाकघर असलेली जागाच घ्यावी.

आजच्या बंगल्यांत आणखी एक रीत रुळली आहे आणि तिचं मूळ सरकारी विश्रामगृहांत आहे. इंग्रजांच्या डाक बंगल्यांवर खानसामा असे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आणि वनखात्याच्या विश्रामगृहांत ती परंपरा पुढे चालली : आडगावात बाजार नाही, म्हणून पाहुण्यानं कोंबडी, तांदूळ, तेल-तिखट आणून द्यायचं आणि खानसाम्यानं करून द्यायचं. कोकणात हेच आता केअरटेकरची बायको करते. सकाळी बंदरावर जाऊन सुरमई किंवा बांगडे आणा, नारळ घरचा, तिरफळं-कोकम घरचं, दुपारी दीड वाजता ताट तयार. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या 'निवास व न्याहारी' योजनेतल्या घरांचं नावापुरतं काम न्याहारीशी संपतं, पण पाहुणा तिथे जातो तो दुपारच्या माशांसाठी आणि रात्रीच्या घावन-रश्श्यासाठी.

या व्यवस्थेत प्रथमच रांधणाऱ्या बाईचा दर ताटामागे उघड सांगितला जातो. शाकाहारी इतके, मासे इतके, मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा आणि त्याचे वेगळे. काही पाहुणे त्यावरही घासाघीस करतात, 'सामान तर आमचंच आहे' म्हणतात. त्यांनी करू नये. मसाला वाटणं, मासे साफ करणं, चाळीस घावन एकामागून एक काढणं हे सामानात येत नाही.