कोरडेपणा की कोमटपणा? देव दूर वाटतो तेव्हा

प्रार्थनेला बसल्यावर काहीच जाणवत नाही. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ओठ सवयीनं उत्तरं देतात, पण आत काही हलत नाही. बायबल उघडलं तर डोळे ओळींवरून फिरतात आणि पान उलटतं. अशी तक्रार घेऊन माणूस फादरांकडे, पाळकांकडे किंवा प्रार्थना गटातल्या एखाद्या जाणत्या मावशीकडे जातो, तेव्हा बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: "विश्वास कमी पडतोय. एखादं पाप राहून गेलंय का, बघा." कधी ते बरोबर असतं. पण पुष्कळदा साफ चुकीचं असतं, आणि आधीच दुखावलेल्या जिवाला ते फार लागतं.

कारण ही लक्षणं दोन वेगवेगळ्या अवस्थांची असू शकतात. एक कोरडेपणा: देवाची ओढ आहे, पण त्याच्या सहवासाची गोडी हरपली आहे. दुसरी कोमटपणा: गोडी गेली आणि पाठोपाठ ओढही गेली. बाहेरून ओळखू येत नाही. दोघंही रविवारी एकाच बाकावर बसतात, दोघांनाही रोझरी, म्हणजे जपमाळ, म्हणताना पेंग येते. मात्र एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याला दिला, तर त्याचं नुकसान होतं.

कोमटपणाचं मूळ चित्र बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. लावदिकीया हे आजच्या तुर्कस्तानातलं शहर तेव्हा चांगलंच सधन होतं. इ. स. 60 मध्ये भूकंपानं ते कोसळलं, तेव्हा रोमकडून मदत न घेता तिथल्या लोकांनी ते स्वतःच्या बळावर उभं केलं, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसनं केली आहे. तिथल्या मंडळीला, म्हणजे ख्रिस्ती समुदायाला, ख्रिस्त म्हणतो, तू उष्ण नाहीस, थंडही नाहीस. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्यापुढचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही मंडळी स्वतःविषयी म्हणत होती की आपण श्रीमंत आहोत, आपल्याला कशाचीच उणीव नाही. कोमट माणसाची खरी खूण हीच. देव दूर गेलाय हे त्याला सलत नाही. प्रार्थना सुटली तर दुपारपर्यंत त्याच्या ध्यानातही राहत नाही.

आता याच्या शेजारी बायबलमधलं 88 वं स्तोत्र ठेवून पाहा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. देवानं तोंड लपवलंय, मित्र दूर केलेत, रात्रंदिवस हाक मारूनही उत्तर नाही. तरीही हे सगळं गाऱ्हाणं देवालाच सांगितलेलं आहे. स्तोत्रकर्त्यानं देवाकडे पाठ फिरवलेली नाही. कोरडेपणातल्या प्रार्थनेचा याहून प्रामाणिक नमुना मला माहीत नाही, आणि तो पवित्र शास्त्रात आहे याचा मला फार आधार वाटतो.

या दोन अवस्था वेगळ्या कशा ओळखायच्या, याचा सगळ्यात बारकाईनं विचार केला तो सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी. त्यांना अंधाराचा अनुभव पुस्तकातून आलेला नव्हता. कार्मेलाईट या संन्यासी संघाच्या सुधारणेला विरोध करणाऱ्या त्यांच्याच संघबंधूंनी डिसेंबर 1577 मध्ये त्यांना टोलेडोच्या मठात कोंडलं. खोली इतकी लहान आणि अंधारी की वाचायला उजेड पुरत नसे. पुढल्या ऑगस्टमध्ये ते तिथून निसटले, तोवर त्यांनी त्या कोठडीत कविता रचल्या होत्या. नंतर 'अंधारी रात्र' या ग्रंथात त्यांनी तीन खुणा सांगितल्या, आणि तिन्ही एकत्र दिसल्या पाहिजेत असंही बजावलं.

पहिली खूण अशी की देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, आणि जगाच्या गोष्टींतही वाटत नाही. ही चाचणी फार उपयोगी आहे. प्रार्थना कंटाळवाणी, पण मोबाईलवर रात्री एक वाजेपर्यंत मालिका बघायला उत्साह आहे, मिस्सात जांभया, पण लग्नाच्या हळदीत सगळ्यांत पुढे, असं असेल तर रस संपलेला नाही, तो दुसरीकडे वळला आहे.

दुसरी खूण सगळ्यात बोलकी आहे. कोरडा माणूस अस्वस्थ असतो. आपण देवाची सेवा करत नाही, मागे सरकतोय, ही चिंता त्याला कुरतडत राहते. जॉन स्पष्ट लिहितात की कोमट माणसाला देवाच्या गोष्टींची अशी आतून काळजी नसते. म्हणजे "मी कोमट झालोय की काय?" या प्रश्नानं जो रात्री तळमळतो, तो बहुधा कोमट नसतो.

तिसरी खूण म्हणजे पूर्वीसारखं मनन करता येत नाही. येशूचा एखादा प्रसंग डोळ्यांसमोर आणून त्यावर विचार करत राहणं आधी सहज जमायचं, आता कितीही जोर लावला तरी मन पुढे सरकत नाही. जॉन यांच्या मते देव इथे त्या जिवाला वेगळ्या तऱ्हेनं, शब्दांशिवाय आणि कल्पनाचित्रांशिवाय शिकवू लागलेला असतो. त्यासाठी ते आईचं उदाहरण देतात: मूल मोठं होऊ लागलं की आई छातीला कडू कोरफड लावते, त्याला कडेवरून खाली उतरवते आणि आपल्या पायांनी चालायला लावते. आपल्याकडच्या आयाही दूध तोडताना कोरफड किंवा कडुलिंब लावत आल्या आहेत, त्यामुळे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मुलाला मात्र त्या क्षणी एवढंच कळतं की आई बदलली.

दुसरी खूण किती खरी आहे, ते मदर तेरेसांच्या आयुष्यात दिसतं. 10 सप्टेंबर 1946 रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत त्यांना गरिबांतल्या गरिबांसाठी काम करण्याची हाक ऐकू आली. त्यानंतर काही काळ येशूच्या सान्निध्याचा उत्कट अनुभव येत राहिला. कामाला सुरुवात झाली आणि तो थांबला. 1958 मधला थोडा अवधी सोडला, तर हा अंधार पुढे जवळपास जन्मभर राहिला. त्यांची पत्रं 2007 मध्ये, मृत्यूनंतर दहा वर्षांनी प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला ते कळलं. काही जणांनी लगेच निष्कर्ष काढला की त्यांचा विश्वास उरलाच नव्हता. मला हा निष्कर्ष अन्यायाचा वाटतो. देव नसल्याचं दुःख इतकी वर्षं इतक्या तीव्रतेनं ज्याला होतं, त्याला देवाशी देणंघेणं उरलेलं नाही असं कसं म्हणायचं?

त्यांना या अंधाराकडे नीट पाहायला मदत करणारा माणूस पुण्याचा होता, म्हणजे पुण्यात ईशज्ञान शिकवणारे येशूसंघाचे (जेझुइट) ऑस्ट्रियन फादर जोसेफ नॉयनर. 1961 मध्ये कोलकात्यात एका तपसाधनेच्या (एकांतातल्या प्रार्थना-शिबिराच्या) वेळी मदर तेरेसांनी त्यांच्याकडे मन मोकळं केलं. नॉयनर यांनी पाप शोधायला सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की यावर माणसाकडे उपाय नाही, येशूची जाणीव होणं हा त्याच्या असण्याचा एकमेव पुरावा नाही, आणि देवाची ही तहान हीच तो आत लपून असल्याची खात्रीची खूण आहे. त्यानंतर अकरा वर्षांत प्रथमच आपण या अंधारावर प्रेम करू लागलो, असं मदर तेरेसांनी लिहिलं. अंधार गेला नाही. त्याचा अर्थ बदलला, आणि पहाटेची प्रार्थना, मिस्सा आणि रस्त्यावरच्या माणसाला उचलणं चालूच राहिलं.

इथे एक सावधगिरी हवी. मदर तेरेसांचं नाव घेऊन स्वतःच्या आळसाला 'अंधारी रात्र' म्हणणं फार सोपं आहे, आणि आजकाल ते पुष्कळ होतं. कोरडेपणा हे पावित्र्याचं प्रमाणपत्र नाही. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात मन उजाड होण्याची तीन कारणं दिली आहेत, आणि त्यांतलं पहिलंच कारण आपला निष्काळजीपणा हे आहे. दुसरं, गोडीचं बक्षीस नसतानाही आपण किती टिकतो याची पारख. तिसरं, सांत्वन ही आपली कमाई नसून देवाचं दान आहे हे कळावं म्हणून. म्हणजे कोरडेपणाची सुरुवात कोमटपणातूनही होऊ शकते, आणि एकाच माणसात दोन्ही थोडे थोडे असू शकतात. म्हणून कारणं शोधताना स्वतःला प्रामाणिकपणे तपासायचंच, फक्त निकाल आधीच ठरवून नाही.

पंडिता रमाबाईंचा अनुभव या दोन्ही चौकटींत नीट बसत नाही, आणि म्हणूनच तो सांगावासा वाटतो. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी शारदा सदन सुरू केलं, विधवांसाठी काम वाढत होतं. तरीही पुढे त्यांनी आपल्या साक्षीत लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. चर्चची सभासद, जगभर नाव झालेली, कामात बुडालेली बाई असं म्हणते. कोमट माणूस अशा वेळी "माझं काय कमी आहे?" म्हणून स्वस्थ बसला असता. रमाबाई बसल्या नाहीत, शोधत राहिल्या.

मग करायचं काय? इथेच दोन वाटा फुटतात.

कोरडेपणात इग्नेशियस यांचा पहिला नियम: आधी शांत मनानं केलेला निर्णय या काळात बदलू नका. गट सोडायचा, व्रत मोडायचं, चर्च बदलायचं, यातलं काहीही या दिवसांत ठरवू नये. प्रार्थनेची वेळही कमी करू नये. उलट तासभर बसायचं ठरलं असेल आणि बसवत नसेल, तर तासापेक्षा थोडं जास्तच बसावं, असं ते सांगतात, म्हणजे पळून जाण्याच्या मोहाला उलट उत्तर मिळतं. जॉन यांचा सूर जरा निराळा आहे. ते म्हणतात, जबरदस्तीनं विचार ओढून आणू नका, गोडी परत मिळवण्यासाठी धडपडू नका, देवासमोर प्रेमानं, शांतपणे नुसते राहा. मला दोघांचं एकत्र असं समजतं: बसण्याची वेळ सोडायची नाही, पण त्या वेळेत काहीतरी वाटलंच पाहिजे हा हट्ट सोडायचा. शब्द सुचत नसतील तर स्तोत्रांचे शब्द उसने घ्यावेत. क्रुसावर येशूनंही "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे 22 व्या स्तोत्रातलेच शब्द उच्चारले.

कोमटपणात "नुसते शांत राहा" हा सल्ला घातक आहे, कारण तो माणूस आधीच फार शांत आहे. त्याला पश्चात्ताप हवा आणि एखादं ठोस पाऊल हवं. या शनिवारी पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापं कबूल करायला जायचं. रोज सकाळी फोन हातात घेण्याआधी शुभवर्तमानातला एक उतारा वाचायचा. बांधाच्या वादावरून ज्या भावाशी वर्षानुवर्षं बोलणं नाही, त्याला फोन करायचा. हे शेवटचं सगळ्यात अवघड, आणि पुष्कळदा गाठ तिथेच असते. "पाहा, मी दाराशी उभा आहे" हे वचन आपण कॅलेंडरवर छापतो आणि ते अविश्वासी लोकांसाठी आहे असं समजतो. ते लावदिकीयाच्या त्याच कोमट मंडळीला लिहिलेलं आहे. म्हणजे कोमट माणसालाही टाकून दिलेलं नाही, त्याच्याच दारावर थाप पडते आहे.

एक तिसरी शक्यता या दोघांच्या मागे लपते, आणि ती कधीही विसरू नये: नैराश्याचा आजार. जॉन यांनाही शरीर-मनाच्या उदासीची जाणीव होती, आणि ती कोरडेपणात मिसळू शकते हे ते मान्य करतात. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, रोजची कामं उरकत नाहीत, मरण बरं असं वाटतं, आणि हे आठवड्यांमागून आठवडे चाललंय, तर डॉक्टरांकडे जाणं हा विश्वासाचा अभाव नाही. 14416 या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवा) क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. बायबलमधला संदेष्टा एलीया वाळवंटात झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. देवाचं बोलणं नंतर आलं.

म्हणून कुणी येऊन "देव दूर वाटतो" म्हणालं, तर उत्तर देण्याआधी थोडी विचारपूस करावी. त्रास होतोय का, की फारसं काही वाटत नाही? इतर गोष्टींत रमता का? झोप, जेवण कसं आहे? हे कधीपासून, आणि त्याआधी आयुष्यात काय घडलं? घरात मृत्यू झालाय का, नोकरी गेलीय का? आणि तो जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावं. स्वतःची ही तपासणी मात्र एकट्यानं करू नये. कोरडा माणूस स्वतःला कोमट समजतो आणि कोमट माणूस स्वतःला ठीक समजतो, त्यामुळे दोघांनाही आपल्याला ओळखणारा, घाई नसलेला एक माणूस लागतो: धर्मगुरू, धर्मभगिनी, नाहीतर प्रार्थनेत मुरलेली घरातलीच आजी.