कात्रजचा नळ : पेशवेकालीन पुण्याच्या पाण्याची पार्श्वभूमी

पुण्याच्या जुन्या पेठांत पाया खणताना दगडी पोकळी लागली की 'भुयार सापडले' अशी हाकाटी होते. पळून जाण्याच्या वाटा, पुरलेला खजिना, सगळ्या कथा जाग्या होतात. खरे तर असे 'भुयार' अनेकदा कात्रजच्या नळाचा किंवा त्याच्या शाखेचा तुकडा असते, आणि ती गोष्ट खजिन्यापेक्षा मोलाची आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात पुणे झपाट्याने वाढले. मुठा उशाशी होती, पण तिची पातळी पेठांपेक्षा खाली. ते पाणी वर चढवायचे तर मोट, पखाल नाहीतर माणसाचा खांदा. दक्षिणेला घाटाच्या पायथ्याशी कात्रज मात्र शहरापेक्षा उंच आहे. तिथे पाणी अडवले तर ते आपल्या वजनाने शहरात उतरते. 1750 च्या सुमारास हीच योजना हाती घेतली गेली : वर-खाली दोन तळी, आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत सुमारे 8 किलोमीटरचा दगड-चुन्याचा बंदिस्त नळ. वरच्या तळ्यात गाळ बसायचा आणि निवळलेले पाणी खालच्या तळ्यात यायचे.

नळ म्हणजे आजचा पाइप नव्हे. तो सुमारे अडीच फूट रुंद आणि सहा फूट उंच आहे, माणूस आत शिरून चालू शकतो. पाण्यासाठी एवढ्या उंचीची गरज नव्हती. अडीच फूट रुंदीत फूटभर खोल पाणी सेकंदाला एक फूट वेगाने वाहिले, तरी दिवसाला साधारण 60 लाख लिटर होतात. वरची मोकळी जागा गाळ काढणाऱ्या माणसासाठी आणि हवेसाठी. पाणी असे अर्धवट भरून वाहिले की भिंतींवर आतून दाब येत नाही, आणि चुन्याचे सांधे टिकतात.

खरी कसोटी उताराची. उतार कमी पडला तर गाळ तळाशी बसतो, जास्त झाला तर वेगवान पाणी सांधे खरवडते. म्हणून नळ सरळ रेषेत न नेता जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळवत न्यावा लागतो.

नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास आहेत. आतली हवा कोंडली तर प्रवाह अडखळतो, तिला या उभ्या कूपांतून वाट मिळते. कुठे तुंबले ते शोधायचे असेल तर उच्छ्वास ओळीने उघडून पाहायचे : एकात पाणी चढलेले आणि पुढच्यात उतरलेले दिसले, की अडथळा त्या दोघांच्या मधे. पूर्ण नळ उकरावा लागत नाही. माझ्या मते या रचनेतला सर्वांत शहाणा भाग हाच.

पेठांमध्ये पाणी हौदांत यायचे. काळा हौद, बुधवारचा हौद, फडके हौद ही नावे अजून पत्त्यांत आहेत. पुढे नाना फडणवीसांनी आंबेगावहून आणि रास्त्यांनी कोंढव्याहून स्वतंत्र नळ आणले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासला धरण झाले आणि कात्रजचे पाणी दुय्यम ठरले. तरी 12 जुलै 1961 ला पानशेत फुटून शहराचा नळपुरवठा बंद पडला, तेव्हा जुने हौद आणि विहिरी कामी आल्या. त्यानंतरची हानी मात्र बांधकामाच्या दोषातून आलेली नाही. इमारतींच्या पायांनी नळ मधेच तोडला, झाडांची मुळे सांध्यांत शिरली, सांडपाणी झिरपून पाणी पिण्याजोगे राहिले नाही. उच्छ्वास बुजवले की मागचा भाग तपासताच येत नाही आणि तुंबलेले पाणी मिळेल तिथे, अगदी तळघरातसुद्धा, वाट काढते.

या पट्ट्यात खोदकाम करणाऱ्याने आधी जवळचे शिल्लक उच्छ्वास नकाशावर घ्यावेत. दोन उच्छ्वासांना जोडणारी सरळ रेघ म्हणजे नळ असे मात्र धरू नये. वळण कुठे आहे ते ठरवायला मधे हाताने चर खणून दगडकाम लागते का ते पाहावे, यंत्र त्यानंतर लावावे. नळ लागलाच तर वरचा थर काढण्याआधी आत पाणी वाहते आहे का ते जवळच्या उच्छ्वासातून तपासावे. वाहत्या नळाला भोक पडले तर खड्डा बघता बघता भरतो.